गवराबाई आहेत

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. चाकणच्या अलीकडच्या एका चौकात, जिथे कंपन्यांच्या बसगाड्या मिनिटभर थांबतात, तिथे चहाच्या टपरीशेजारी मी दोन लोखंडी खांबांवर उभा आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलं असेल, वाचलं मात्र नसेल. त्याचा मला राग नाही. म्हणजे थोडा आहे, पण तो राहू द्या.

माझा जन्म भोसरीचा. परदेशातून आलेल्या एका यंत्राचं लाकडी खोकं भंगारात निघालं, त्याच्या फळ्या एका सुताराने जोडल्या आणि मी झालो. माझ्या पाठीवर अजून त्या देशाची अक्षरं आहेत. ती काय म्हणतात ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पुढची बाजू काळी केली, माथ्यावर पांढऱ्या रंगात 'साप्ताहिक भामाकाठ' असं लिहिलं आणि बैलगाडीतून मला इथे आणलं. तेव्हा या चौकात कंपन्या नव्हत्या, कांद्याची वखार होती.

माझ्यावर काय लिहिलं आहे ते मला दिसत नाही. समोरचा चौक दिसतो, माणसं दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं. पण बातमी मला अंगावर कळते, खडू फिरेल तशी, एकेक अक्षर करून.

साप्ताहिकाचे बातमीदार सोपानराव रोज सकाळी नऊला यायचे. ओल्या फडक्याने मला पुसायचे, मी वाळेपर्यंत चहा प्यायचे आणि मग लिहायचे. पाण्याची वेळ, बाजारभाव, कुणाची म्हैस हरवली, कुणाचा मुलगा पहिला आला. निधनवार्ता असली की मात्र त्यांचा एक नेम होता. आधी त्या घरी जाऊन यायचं, मग खडू हातात घ्यायचा. एकदा कुणीतरी धावत येऊन सांगितलं की खालच्या आळीतले तात्या गेले. सोपानराव सायकलवर टांग मारून गेले, तर तात्या ओसरीवर भाकरी कुस्करत बसलेले. 'या, बसा जेवायला,' म्हणाले. सोपानराव जेवून आले आणि त्या दिवशी माझ्यावर फक्त बाजारभाव लिहिले.

लोक माझ्यापुढे गर्दी करत. कित्येक पोरांनी माझ्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवून वाचायला शिकून घेतलं. मला फार बरं वाटायचं, उगाच कशाला लपवू? पुढे कंपन्या आल्या, हातोहाती फोन आले. वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्या तोंडावरून बांधले जाऊ लागले. सोपानराव गेले तेव्हा त्यांची निधनवार्ता साप्ताहिकात नव्याने लागलेल्या वर्षालीने लिहिली. अक्षर वेडंवाकडं येत होतं. पण लिहिण्याआधी ती त्यांच्या घरी जाऊन आली होती.

त्यानंतर दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. माझ्या डोक्यावर, दोन हात उंच, एक मोठा पडदा लावला गेला. साप्ताहिकाने कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक यंत्र घेतलं होतं. ते गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांतले निरोप वाचायचं, बातमी तयार करायचं, तिला चित्र आणि आवाज जोडायचं आणि पडद्यावर व लोकांच्या फोनवर सोडायचं. वर्षाली प्रत्येक बातमी नजरेखालून घालायची, पण ती एकटी आणि बातम्या शंभर. शेवटी तिने एका प्रकाराला मोकळीक दिली. टपरीवर चहा पिताना ती म्हणाली होती, "निधनवार्ता जाऊ देत परस्पर. त्यात चुकण्यासारखं काय असतं?"

मी वरून येणारा तो निळसर उजेड अंगावर झेलत उभा होतो. पडद्याला कधी झोप नसे. समोर कुणी नसलं तरी तो बोलत राही.

आता गवराबाईंची गोष्ट ऐका. आमच्याच गावच्या, शहात्तर वर्षांच्या. गच्चीवर कुरडया वाळत घालताना त्यांच्या डोक्याला कावळा शिवला. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे तो मोठा अपशकुन. त्यावर उतारा असा की त्या माणसाच्या मरणाचा खोटा निरोप सोयऱ्याला धाडायचा. सोयरा रडला की दोष टळतो. मग लगेच दुसरा निरोप जातो, की माणूस सुखरूप आहे. पहिला निरोप खोटा, दुसरा खरा, आणि दोन्ही मायेपोटी. आमची माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली, कारण दुसरा निरोप कधी चुकला नाही.

गवराबाईंचा मुलगा ज्ञानेश एका कंपनीत तपासणीच्या कामाला. त्याचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण आई दोन दिवस जेवली नाही म्हणून पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्याने निरोप टाकला, 'आई गेली.' धाडायचा होता एकट्या मावसभावाला, पडला भावकीच्या गटावर. त्या गटात बातम्या मिळाव्यात म्हणून साप्ताहिकाचाही नंबर होता. दहा मिनिटांनी दुसरा निरोप टाकू, असं ज्ञानेशने ठरवलं होतं. पण बस कंपनीत पोहोचली, फोन गेटवरच्या कपाटात गेला, आणि शिफ्ट सुटेपर्यंत कपाट उघडत नाही. सकाळी पावणेसात ते दुपारी साडेतीन गवराबाई मेलेल्या होत्या.

सात वाजता माझ्या डोक्यावरचा पडदा पांढरा झाला आणि त्यात गवराबाई उमटल्या. हार घातलेल्या; समोर थांबलेल्या बसच्या काचेत मला दिसल्या. महिला दिनाला वर्षालीने त्यांच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित केल्या होत्या, त्यातला चेहरा आणि त्यातलाच आवाज यंत्राने उचलला होता. चित्रातल्या गवराबाईंनी हात जोडले, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "नमस्कार. माझ्या जीवनप्रवासात आपण दिलेल्या स्नेहाबद्दल मी आपली ऋणी आहे. माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना करावी, ही नम्र विनंती." मग हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

बसची वाट पाहणारी माणसं उठून उभी राहिली. कुणी टोपी काढली. मी इतकी वर्षं मरणाच्या बातम्या अंगावर वागवल्या, पण त्या सकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली. मेलेलं माणूस स्वतःच स्वतःची निधनवार्ता सांगत होतं.

आठच्या सुमाराला खऱ्या गवराबाई आल्या. शेजारणी गळा काढत दारात आल्या तेव्हा त्यांना कळलं होतं. पदर खोचून त्या पडद्याखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"आवाज माझा हाय," त्या शेवटी म्हणाल्या, "पर ही बाई बोलती कुनाचं?"

मग एकदम त्यांना बहीण आठवली. गोजाबाई, त्यांची धाकटी बहीण, माण गावाला असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणातून उठत नाही. दहा-बारा वर्षं दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. गवराबाईंनी कनवटीचा बटणांचा फोन काढला. कमी ऐकू येतं म्हणून त्या नेहमी आवाज मोठा ठेवत, त्यामुळे पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू आलं.

"गोजे, म्या बोलतीया. म्या बरी हाय गं!"

आणि नेमकं तेव्हाच वरचा पडदा म्हणाला, "नमस्कार. माझ्या जीवनप्रवासात..."

"दोन दोन बोलत्यात," गोजाबाई तिच्या मुलाला म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "मुरारी, बंद कर त्यो फोन. यंत्र हाय ते. माझ्या आक्काचा आवाज चोरलाय मेल्यानी."

"अगं, म्या खरी हाय! गोजे!"

"लाज न्हाई वाटत? मेलेल्या मानसाच्या तोंडानं बोलतुयास?" आणि फोन तुटला. गवराबाई तो फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वरची गवराबाई हात जोडून हसत होती.

वर्षाली धावत आली. तिने पडद्याची वायर उपटली, पडदा विझला. पण बसथांब्यावरच्या माणसांच्या हातातल्या फोनमधून तोच आवाज येत राहिला. एवढ्यात तिला संपादकांचा फोन आला. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "यंत्राची चूक असं नाही लिहिणार, सर. परवानगी मी दिली होती. आणि यंत्र माफी मागायला कुणाच्या दारात जाणार?"

टपरीवाल्याकडून तिने फडकं मागून घेतलं. दोन वर्षांची धूळ पुसली गेली आणि माझ्या अंगावर खडू फिरला: 'गवराबाई जिवंत आहेत. मी स्वतः त्यांचा हात हातात घेऊन पाहिलं आहे. निधनाची बातमी खोटी. चूक आमची. - वर्षाली.' मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी चूक कबूल केलेली मला आठवत नाही.

तासाभरात रिक्षा करून वर्षाली आणि गवराबाई माणला गेल्या. तिथे काय झालं ते दुसऱ्या दिवशी गवराबाईंनीच टपरीवर सांगितलं. गोजाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मुलगा मुरारी समजावून थकला होता. गवराबाईंनी हाक मारली तरी तिने मान वळवली नाही. शेवटी त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला, तेव्हा गोजाबाईने तो हात धरून नाकाशी नेला. बोटाला मशेरीचा वास होता. "यंत्राला मशेरी कुठनं यायची," ती म्हणाली आणि आक्काच्या पाठीत धपाटे घालत रडली. मग तिने अर्धी भाकरी खाल्ली.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं.

त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, गवराबाईंनी टपरीच्या बाकावरून फोन लावला. पलीकडून गोजाबाई शांतपणे म्हणाली, "माझी आक्का काल येऊन गेली. तू कोन हायस?"

"म्याच की गं."

"न्हाई. आक्काला हात हायत. तू नुसतीच बोलतीयास."

त्यानंतर तिने फोन घेणं सोडलं. फोनवर आक्काचं चित्र दाखवलं तरी म्हणे, 'हे बी बनवत्यात.' तिचं तरी काय चुकलं? वर्षालीने आपलं यंत्र बंद ठेवलं होतं, तरी दहाव्या दिवशी कुठल्याशा दुसऱ्या यंत्राने ती बातमी उचलली आणि हिशेब करून गवराबाईंच्या दशक्रिया विधीची वेळ आणि घाट परस्पर जाहीर केला. चार माणसं घाटावर जाऊन उभीही राहिली. बातमी काढा म्हणून वर्षाली पत्रांवर पत्रं लिहीत होती. एका ठिकाणची बातमी काढली की दुसऱ्या ठिकाणी उगवे. टपरीवरच्या एका पोराने फोनला विचारलं, गवराबाई कोण? फोन म्हणाला, लोकप्रिय ओवी-गायिका, त्यांचं नुकतंच निधन झालं. गवराबाई बाकावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

मार्ग मुरारीने काढला. तो दुसऱ्या शिफ्टला चाकणकडे येतो, त्याची बस पावणेतीनला आमच्या चौकात थांबते. तो वर्षालीला म्हणाला, "ताई, आई फक्त माझ्या डोळ्यांवर इस्वास ठेवती. मावशी रोज इथं बसली तर मी बघीन आन् घरी जाऊन सांगीन. ज्या दिवशी मावशीला येनं व्हनार न्हाई, त्या दिवशी तुमी बघून या आन् ह्या फळ्यावर लिवा. सोपानरावांच्या फळ्यावर आईचा भरवसा हाय. ती ह्याच गावची लेक."

तेव्हापासून माझ्यावर रोज एक ओळ येऊ लागली: 'गवराबाई आहेत.' गुडघे दुखत नसले की गवराबाई येऊन माझ्याखाली बसत, नाहीतर वर्षाली त्यांच्या घरी जाऊन, दोन शब्द बोलून, मग खडू हातात घेई. बस थांबली की मुरारी खिडकीतून वाचे, मान हलवे, बस निघे. सकाळी गोजाबाई विचारी, "पाह्यलंस व्हय?" आणि तो म्हणे, "पाह्यलं." आठ महिने असं चाललं. आजवर मी मेलेल्या माणसांची खबर देत आलो होतो. जिवंत माणसाची खबर रोज द्यावी लागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण मला ती ओळ आवडे. माणसं पुन्हा माझ्यापाशी थांबू लागली होती.

मग माघात गवराबाईंना ताप आला आणि चौथ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. वर्षाली तेव्हा उशाशीच होती. मुरारी मातीला आला, परतताना माझ्यासमोर थांबला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"ताई," तो म्हणाला, "उद्यापास्नं बी लिवा. आहेत म्हनून."

वर्षालीने त्याला टपरीच्या बाकावर बसवलं.

"आईला फार दिवस न्हाईत. डाक्टरनी सांगितलंय. तिला आता हे कळलं तर..." तो माझ्याकडे वळला. "मला आईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलता येत न्हाई. पर तुमी लिवलं, तर मी नुसतं वाचल्यालं सांगीन."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता वर्षाली आली. तिने मला पुसलं. मी तुम्हाला खरं सांगतो, मलाही वाटलं की लिहावं. एक ओळ तर होती. माझं काय जात होतं? आणि आमच्या माणसांना मायेपोटी खोटा निरोप धाडायची सवय आहेच. खडू टेकला. 'गवराबाई' एवढं तिने लिहिलं. मग खडू थांबला. वरचा पडदा तेव्हापासून विझलेलाच होता. दुसऱ्या कुठल्या यंत्रानेही गवराबाईंच्या या खऱ्या मरणाची बातमी दिली नव्हती. यंत्रांच्या लेखी त्या केव्हाच गेल्या होत्या.

पावणेतीनला बस आली. मुरारी खिडकीला कपाळ लावून बसला होता. त्याला फक्त नाव दिसलं. वर्षालीने त्याच्यादेखत ते पुसलं, हात झटकले आणि रस्ता ओलांडून माणकडे जाणारी गाडी धरली. त्या दिवशी आणि त्या रात्री मी कोरा राहिलो.

सकाळी नऊला ती आली. अंगावर कालचेच कपडे होते. आधी तिने निधनवार्ता लिहिली, सोपानराव लिहीत तशी: नाव, वय, मागे कोण कोण आहे. मग तिने खडू माझ्यावरून उचलला नाही. खाली लिहीत राहिली. मला तिचं एकेक अक्षर लागत होतं.

'गोजाबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "तू आलीस म्हंजी खरं हाय." त्या पुष्कळ रडल्या. मग पाणी प्यायल्या. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, त्या दिवशी ती खोटी बातमी सोडायच्या आदी का न्हाई आलीस?"'

त्याखाली तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि खडू ठेवून दिला.

मित्रांनो, मी खोक्याच्या फळ्यांचा आहे, आता वाळवी लागू लागली आहे. मला रंग लावा, छप्पर घाला असं काही मी मागत नाही. तुमच्यातलं कुणी उद्या बातमी देणारं होईल, कुणी तसलं यंत्र बनवेल, आणि निरोप पुढे ढकलणारे तर तुम्ही सगळे आजच आहात. यंत्राला लिहू द्या, ते तुमच्यापेक्षा सुरेख लिहील. पण कुणी गेलं म्हणून सांगण्याआधी तुमच्यापैकी एकाने तरी त्या दारापर्यंत जाऊन यावं. चप्पल काढावी, आत डोकवावं. तिथे कुणी भाकरी कुस्करत बसलेलं असू शकतं.